शेवटची ओळ कोणाची?

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंही नसेल. मी यवतमाळच्या पद्मजाबाईंच्या घरचा एक म्हातारा टेपरेकॉर्डर. माझ्या पोटात कॅसेट घालायची, लाल ठिपक्याचं बटण दाबायचं, की समोर जे बोललं-गायलं जाईल ते मी टिपून घ्यायचो. मला कौतुक आवडतं आणि अपमान लवकर लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे ऐकताना तुम्हाला ते कळेलच.

कारखान्यात माझ्यासारखे कितीतरी भाऊ रांगेनं तयार झाले. दिसायला आम्ही सगळे सारखेच. पण कॅसेटची फीत ज्याच्यावरून घासत जाते, ते आवाज उचलणारं डोकं माझ्यात किंचित तिरकं बसलं. कोणाच्या लक्षात आलं नाही आणि मी दुकानात पोचलो. त्यामुळे माझ्यावर भरलेली कॅसेट फक्त माझ्यावरच स्वच्छ वाजते. दुसऱ्या कुठल्या यंत्रात घातली, तर गाणारा तोंडावर रुमाल धरून गातोय असं वाटतं. पद्मजाबाईंना हे घेतल्यावर कळलं. दुकानदार बदलून द्यायला तयार होता, पण त्या म्हणाल्या, "राहू द्या. माझं ऐकतो, तेवढं पुरे."

बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवत. दर रविवारी सकाळी मला पिशवीत घालून त्या घाटंजीच्या एसटीत बसत. गाडी खड्ड्यातून गेली की मला पोटाशी धरत. स्वतःचं डोकं खिडकीच्या दांडीवर आपटलं तरी त्यांचं काही म्हणणं नसे. घाटंजीला वामनराव राहत. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, पण त्यांचा गळा आणि त्यांच्याजवळच्या चिजा ऐकायला लांबून माणसं येत. चीज म्हणजे रागात बांधलेली छोटी रचना. तिचा पहिला भाग अस्थायी आणि दुसरा अंतरा. वामनरावांच्या गुरूच्या गुरूकडून आलेल्या, कुठे छापलेल्या नाहीत अशा जुन्या चिजा त्यांना येत होत्या. त्या टिकून राहाव्यात, म्हणून बाई मला घेऊन जात.

वामनरावांना मी आवडत नसे. गादीवर बसून, कानाला हात लावून ते अस्थायी म्हणत, अंतरा उचलत, आणि अंतऱ्याची शेवटची ओळ आली की थांबत. मग माझ्याकडे बोट करून म्हणत, "बंद कर ते." बाई मला बंद करत. मग ती ओळ ते फक्त बाईंना देत, बाईंच्या गळ्यात बसेपर्यंत.

एकदा बाईंनी धीर करून विचारलं, "गुरुजी, शेवटची ओळच का नाही भरू द्यायची?"

"माह्या गुरूनं सांगतलं हाये. समोर बसून जो मागीन, त्यालेच शेवटची ओळ द्याची. हे डबडं काय मागून राह्यलं थोडंच?"

डबडं! मित्रांनो, त्या दिवशी मी मुद्दाम खरखरलो असतो, पण बाईंचं नुकसान झालं असतं म्हणून गप्प बसलो.

वामनरावांचा मुलगा मधुसूदन तेव्हा बँकेत नुकताच लागला होता. गाण्याकडे तो फिरकला नाही. बाप गायला बसला की तो अंगणात सायकल पुसत असे, आणि जाता-येता "ताई, चहा घेशील का?" एवढं विचारत असे. बाई त्याला मधू म्हणत. त्याला बहीण नव्हती आणि बाईंना भाऊ नव्हता, त्यामुळे ते दोघांनाही बरं वाटत असे.

मग एका रविवारी वामनरावांनी जौनपुरी रागातली एक चीज काढली. दम लागत होता, तरी गायले. शब्द त्यांनी आधीच पूर्ण सांगून ठेवले होते. अंतऱ्याची शेवटची ओळ आली आणि त्यांनी मला बंद करायला लावलं. त्यानंतर काय झालं ते माझ्या फितीवर नाही, कारण मी बंद होतो. एवढं मात्र खरं, की त्या आठवड्यात वामनराव गेले.

पुढची कितीतरी वर्षं मी पद्मजाबाईंच्या टेबलावर काढली, आणि ती माझ्या खऱ्या कामाची वर्षं. शाळेतून आल्या की बाई मला समोर घेत. मागे, पुढे, पुन्हा मागे. माझं फीत मागे नेणारं बटण त्यांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालं. कोणाला वाटेल, ऐकायचं आणि स्वरलिपीत लिहून घ्यायचं, यात काय मोठंसं! पण वामनराव एकच चीज एका रविवारी एक तऱ्हेनं गात आणि दुसऱ्या रविवारी दुसऱ्या तऱ्हेनं. कधी खोकला यायचा, कधी बाहेर बैल हंबरायचा. यातलं मूळ कोणतं, गाताना सुचलेलं कोणतं, घसरलेलं कोणतं, हे बाईंनाच ठरवावं लागे. एकेका मात्रेवर त्या आठवडाभर अडून बसत. दिलेल्या शेवटच्या ओळी त्यांच्या गळ्यात होत्या, त्या त्यांनी तिथून उतरवल्या. काही ओळी मात्र द्यायच्या राहूनच गेल्या होत्या. त्या जागी शब्द होते, पण चाल नव्हती. तिथे बाईंनी वामनरावांची वळणं अभ्यासली, दुसऱ्या चिजा ते कशा मिटवतात ते पाहिलं आणि स्वतः चाल बसवली. अशा प्रत्येक ओळीवर त्यांनी एक लहानसा गोल काढला.

पुस्तक निघालं तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं, "गोल असलेले स्वर गुरुजींचे नाहीत, माझे आहेत. चुकले असतील तर मी चुकले." लोकांनी प्रस्तावना सोडून बाकी सगळं वाचलं. गाणारे जौनपुरीतली ती चीज मैफलीत गाऊ लागले, आणि शेवटच्या ओळीला हमखास वाहवा मिळू लागली. लोक म्हणत, वामनराव काय बांधून गेले!

यवतमाळात बाईंचा सत्कार झाला. व्यासपीठावर त्या हात जोडून म्हणाल्या, "माझं यात काही नाही. मी नुसती उतरवणारी. सगळं गुरुजींचं." टाळ्या पडल्या. मित्रांनो, आपल्याकडे गाण्यात असंच बोलायची रीत आहे. शिष्यानं 'हे मी केलं' म्हटलं की लोक नाकं मुरडतात. बाईही रीतीप्रमाणे बोलल्या, आणि कोणीतरी ते मोबाइलवर टिपून घेतलं. तोवर मोबाइल आला होता. दिवसभर खिशात बसून मालकाचं ऐकायचं, हे काय टेपरेकॉर्डरचं काम आहे? पण लोकांना तेच आवडलं. मी कपाटावर गेलो, अंगावर उशीचा जुना अभ्रा आला आणि त्याच्यावर धूळ.

मी कपाटावर किती काळ होतो ते मला सांगता येणार नाही. एका उन्हाळ्यात अभ्रा निघाला. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला खाली घेतलं आणि पदरानं पुसलं.

टेबलावर एक गुळगुळीत कागदाचं जाड पुस्तक पडलं होतं. राजूरच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी ते पाठवलं होतं, आणि सोबत विचारलं होतं की बाई, हे तुमचंच नाही का? वर वामनरावांचा मोठा फोटो, आणि खाली 'संपादन : चारुदत्त'. हे चारुदत्त नागपूरच्या एका संगीत-संस्थेचे प्रमुख. संस्थेचं नाव मी सांगत नाही, सांगून काय करायचं? आत सगळ्या चिजा बाईंनी उतरवल्या तशाच्या तशा, मात्रेला मात्रा. बाईंचं नाव नव्हतं. प्रस्तावना नव्हती. आणि गोल एकही नव्हता.

दिवाळीनंतर संस्थेच्या परीक्षांना हेच पुस्तक लागणार होतं.

बाईंनी वर्षाला बोलावलं. वर्षा म्हणजे राळेगावकडच्या तांड्यावरच्या खेमसिंग राठोडांची मुलगी. वसतिगृहात राहून शिकली, शाळेत बाईंच्या हाताखाली प्रार्थना म्हणायची. आता यवतमाळच्या न्यायालयात वकिली करते. तिनं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पानं उलटली.

"बाई, चिजा जुन्या हायेत. त्या कोणाच्याच नाईत आन् सगळ्यायच्या हायेत. चारुदत्तसाहेबानं त्या छापल्या म्हणून आपल्याले भांडता येत नाई."

"मग?"

"तुम्ही ज्या निवडल्या, ठरवल्या, जिथं नव्हतं तिथं बसवल्या, तेवढं तुमचं. कायद्याले नुसती मेहनत पुरत नाई. तुमची सोताची अक्कल त्यात दिसली पाहिजे." ती थांबली. "आन् इथंच घोळ हाये. तुम्ही जितकं म्हणसान का मी जसंच्या तसं उतरवलं, तितकं तुमचं कमी. ते लोक तुमचं सत्काराचं भाषण लावतीन, पाहा तुम्ही."

बाईंनी दोन्ही पुस्तकं मिटली. मग म्हणाल्या, "वर्षा, मला नाव नको होतं कधी. पण उद्या पोरं परीक्षेत माझी ओळ गुरुजींची म्हणून गातील. ती चुकीची निघाली तर चूक गुरुजींच्या नावावर जाईल. माझी चूक माझ्याच नावावर राहिली पाहिजे. यासाठी भांडता येतं का कायद्यात?"

"यासाठीच तं भांडाचं हाये," वर्षा म्हणाली.

पुस्तकात मधुसूदनची संमती छापलेली होती. बाईंनी त्याला फोन लावला. त्याचा चढलेला आवाज मला टेबलावरूनही ऐकू येत होता.

"ताई, ते लोक घरी आलते. बाबाचा फोटो मोठा छापतो म्हणाले. तुह्या पुस्तकात बाबाचा फोटो तरी होता का?"

फोटो नव्हता हे खरं. बाईंच्या छापखान्यात फोटो काळे येत, म्हणून त्यांनी टाळला होता.

"मधू, त्यांनी माझं सगळं उचललंय रे."

"तुहं? बाबाच्या चिजा बाबाच्या. त्याच्यावर हक्क सांगणारी तू कोण? मी तुले घरची समजत होतो." फोन बंद झाला.

खटल्याआधी दोन्ही बाजूंनी मध्यस्थासमोर बसून पाहायचं असतं. त्याची तारीख लागली. चारुदत्तांनी कळवलं होतं, की आम्ही पद्मजाबाईंचं पुस्तक पाहिलंच नाही. मधुसूदनरावांजवळच्या कॅसेटींवरून सगळं उतरवलं. त्या कॅसेटी बाईंनीच वामनरावांच्या वर्षश्राद्धाला मधूला भरून दिल्या होत्या. देताना मधली सगळी बोलणी गाळून फक्त गाणं ठेवलं होतं. मधूला बापाचा आवाज सहन होईना, म्हणून त्यानं त्या कधी लावल्याही नाहीत, तशाच संस्थेच्या हवाली केल्या. आता संस्था म्हणत होती, की त्यांना बुरशी लागली होती, काम झाल्यावर फेकून दिल्या. मूळ कॅसेटी उरल्या होत्या फक्त बाईंच्या कपाटात, आणि त्या वाजवणारा फक्त मी.

आदल्या दिवशी बाईंनी मला लावून पाहिलं. मित्रांनो, मला स्वतःची लाज वाटली. माझ्या आतला रबरी पट्टा सैल पडला होता. वामनरावांचा आवाज मध्येच खाली ओढला जात होता. बाईंनी लगेच बंद केलं. वर्षा म्हणाली, "नागपूरले नेऊन कॉपी करून आणू का?" बाई म्हणाल्या, "दुसऱ्या यंत्रावर ते घुमं वाजतं. आणि फीत तुटली तर?" वर्षानं तो विचार सोडून दिला. मग हळूच म्हणाली, "बाई, हे वाजलं तरी एक सवाल उरतेच. तो तुमाले विचारतीनच. उत्तर तयार हाये ना?"

सवाल कोणता ते बाईंना माहीत होतं. जौनपुरीची शेवटची ओळ गुरुजींची, असं म्हटलं तर मधू परत मिळेल आणि पुस्तक जाईल. माझी म्हटलं तर पुस्तक राहील आणि मधू कायमचा जाईल. मी समोरच होतो, पण मला काय बोलता येणार? मला फक्त दुसऱ्याचं बोलता येतं.

मध्यस्थी केंद्रातली खोली लहान होती. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. एका बाजूला चारुदत्त, त्यांचे वकील आणि त्यांच्याजवळ मधुसूदन, बँकेतून निवृत्त झालेला, टक्कल पडलेला. तो बाईंकडे पाहतसुद्धा नव्हता.

चारुदत्तांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि तो व्हिडिओ लावला. बाई हात जोडून म्हणत होत्या, माझं यात काही नाही, मी नुसती उतरवणारी. टाळ्या. चारुदत्तांनी मोबाइल बंद केला.

"यापेक्षा मी वेगळं काय म्हणतोय? बाईंना आम्ही मानतो. पण उतरवणाऱ्याचा हक्क कसला? आम्हीही उतरवलं, त्यांनीही उतरवलं. मूळ एकच, मग स्वरही तेच येणार."

"शेवटच्या ओळीसकट?" वर्षानं विचारलं.

"सगळंच कॅसेटवर होतं."

"जौनपुरीतल्या चिजेची शेवटची ओळही?"

"होय, तीही."

मग वर्षानं मला पिशवीतून काढलं. चारुदत्तांना हसू आलं. हसू द्या. बाईंनी कॅसेट घातली, माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि बटण दाबलं.

खरखर. मग वामनरावांचा गळा. अस्थायी नीट गेली. अंतऱ्याला पट्टा घसरू लागला, आवाज जड झाला, खाली बसू लागला. मध्यस्थ बाई पुढे वाकल्या. मी जीव एकवटला. असं म्हणायची यंत्राला परवानगी असेल तर, मी खरंच जीव एकवटला. बाईंनी तळवा जरा दाबला. आवाज पुन्हा वर आला. अंतरा शेवटच्या ओळीशी पोचला आणि थांबला. धाप लागल्याचा आवाज आला, आणि मग वामनराव बोलले, "बंद कर ते, पद्मे. आज दम नाई. ही ओळ तुले पुढच्या रविवारी देतो."

खट्. मग नुसती खरखर.

मधुसूदन खुर्चीत ताठ झाला होता. हे बोलणं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. बाईंनी गाळून टाकलं होतं ते हेच.

चारुदत्त मोठे हुशार. क्षणभरच गोंधळले. "ठीक आहे, ती ओळ कॅसेटवर नसेल. आमच्या लोकांनी कुठल्या गायकाकडून घेतली असेल. पण गुरू स्वतः म्हणतायत, पुढच्या रविवारी देतो. म्हणजे दिली. बाईंना दिली, बाईंनी उतरवली. म्हणजे ओळ गुरूचीच. मग बाईंचं त्यात काय?"

मध्यस्थ बाईंनी पद्मजाबाईंकडे पाहिलं. "त्यांनी ती ओळ तुम्हाला दिली होती का?"

मधुसूदननं आता पहिल्यांदा बाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विनवणी होती. हो म्हण, एवढंच तो मागत होता.

"पुढचा रविवार आलाच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "शब्द गुरुजींचे आहेत. चाल माझी आहे."

"याला पुरावा?" चारुदत्त म्हणाले. "आत्ता आम्हाला पुढचा रविवार आला नाही म्हणतात. सत्कारात मी नुसती उतरवणारी म्हणतात. कोणतं खरं मानायचं?"

"त्या बुधवारी बाबा गेले." हे मधुसूदन म्हणाला. अगदी हळू, कोणी विचारलेलं नसताना. "दम नाई म्हणून रविवारी गाणं अर्धं सोडलं, सोमवारी दवाखान्यात नेलं, बुधवारी गेले. पद्मजाबाई तेव्हा आल्या त्या मातीलेच आल्या."

बाई म्हटलं त्यानं. ताई नाही म्हटलं.

मग तो बाईंकडे वळला. "एवढी वर्षं लोक त्या ओळीले वाहवा करून राह्यले. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली. बाबा बोलून राह्यले असं वाटे मले. आन् ते तुम्ही होत्या?"

"मधू, पुस्तकात गोल होता रे."

"मले लिपी वाचता येते का? गोल कायचा असते, मले कोण सांगतलं?"

बाईंनी जगाला खरं सांगितलं होतं, पण जगाला कळेल अशा अक्षरांत सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. ते त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, आणि मला त्यांची फार दया आली.

मधुसूदननं समोरची संमतीची प्रत उचलली आणि चारुदत्तांपुढे सरकवली. "तुम्ही म्हणालते, बाबाचं जसंच्या तसं छापतो. हे बाबाचं नव्हतं आन् तुम्ही गोल खोडून ते बाबाचं केलं. माही संमती परत घेतो मी. पद्मजाबाईसाठी नाई. बाबासाठी."

त्यानंतर वर्षानं गोल असलेल्या बाकीच्या ओळी एकेक करून दोन्ही पुस्तकांत दाखवल्या. सगळ्या तंतोतंत सारख्या. ज्या ओळी जगात बाईंच्या पुस्तकाखेरीज कुठेच नव्हत्या, त्या यांच्याकडे आल्या कुठून? चारुदत्तांनी वकिलाशी कुजबुज केली, पाणी प्यायले आणि समझोता मान्य केला. पुस्तक परत घ्यायचं, परीक्षेला लावायचं नाही, आणि बाईंच्या परवानगीशिवाय पुन्हा छापायचं नाही. सह्या झाल्या. मधुसूदन सही करून सरळ निघून गेला, मागे न पाहता.

पायऱ्या उतरताना बाईंनी विचारलं, "जिंकलो म्हणायचं का गं?"

"कायद्यानं तं हाव," वर्षा म्हणाली. घरी येऊन बाईंनी मला टेबलावर ठेवलं, बटण दाबलं. मी हललो नाही. माझा पट्टा तुटला होता.

पावसाळाभर बाई नव्या आवृत्तीला बसल्या. या वेळी गोल नव्हते. प्रत्येक चिजेखाली साध्या मराठीत लिहिलेलं होतं, की एवढं गुरुजी गायले ते, एवढं मी दोन तऱ्हांतून निवडलं ते, आणि एवढं माझं. स्वरलिपी न येणाऱ्याला वाचता यावं म्हणून. वामनरावांचा फोटोही घातला. पहिली प्रत त्यांनी घाटंजीला पाठवली. उत्तर आलं नाही. काही गायकांनी ती शेवटची ओळ गायची सोडून दिली. बाई म्हणाल्या, त्यांचं बरोबर आहे. मग घरात कोणी मैफलीचा विषय काढेना.

आणि एका सकाळी दारात मधुसूदन उभा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "यंत्र द्या," म्हणाला. बाईंनी क्षणभर मला छातीशी धरलं. तो रागावलेला होता की काय होता, कळत नव्हतं. तरी त्यांनी मला त्याच्या हातात दिलं, कॅसेटसकट. त्या वेळी मला भीती वाटली, हे कबूल करतो.

त्यानं मला डोमाजीकडे नेलं. डोमाजी पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मोबाइलची झाकणं विकतात. "असे पट्टे आता कुठं मिळते जी?" म्हणून त्यांनी हात वर केले. मधुसूदन तिथल्या स्टुलावर बसला तो उठेचना. शेवटी डोमाजींनी कुठल्याशा मेलेल्या यंत्राचा पट्टा काढून माझ्यात बसवला. किंचित घट्ट आहे, पण चालतो.

संध्याकाळच्या आत मी परत टेबलावर होतो. मधुसूदन खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. "मले गाणं नाई ऐकाचं. बाबा 'बंद कर' म्हणते, ते लावा."

बाईंनी फीत नेमकी तिथे आणली. "बंद कर ते, पद्मे. आज दम नाई. ही ओळ तुले पुढच्या रविवारी देतो." मधुसूदननं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. बाप घरात असाच बोलायचा, म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. बाई चहाचं विचारायला उठल्या तर त्यानं त्यांना बसायला सांगितलं.

"पुस्तक वाचलं मी," तो म्हणाला. "खालची अक्षरं. दोनदा वाचलं." मग त्यानं अंतरा सुरुवातीपासून लावायला सांगितला. वामनराव गायले, शेवटच्या ओळीशी थांबले, बोलले. खट् झालं. मधुसूदननं स्वतःच्या हातानं मला बंद केलं.

"ताई," तो म्हणाला, "आता तुह्यावाली ओळ म्हण."

बाईंचा आवाज आता म्हातारा झाला आहे. पहिल्यांदा त्यांना स्वर लागेना. मग लागला.

मित्रांनो, तुम्ही कोणाचं काही उतरवून घ्याल, छापाल, मोबाइलवरून पुढे पाठवाल, तेव्हा ते कोणाचं ते त्याखाली लिहा, आणि घरातल्या अडाण्यालाही कळेल असं लिहा. त्यात तुमचं स्वतःचं काही असेल तर तेही लिहायला लाजू नका. आणि कपाटावर अभ्र्याखाली माझ्यासारखं एखादं यंत्र पडलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लावून पाहा. आत कोणाचा आवाज असेल, सांगता येत नाही.